दिसतंय तोवर

(आकाशवाणीवरून केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

अंबाजोगाईच्या एका तरुण नेत्रतज्ज्ञाला मी मागे विचारलं होतं, की आपल्या भागातल्या पेशंटांकडून तुम्हाला सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागणारं वाक्य कोणतं? त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाले, ‘दिसतंय की अजून!’ समोरून येणारा माणूस जावई आहे की मुकादम हे ओळखू येत नाही, ज्वारी निवडताना खडा हाताला लागतो पण डोळ्याला दिसत नाही, संध्याकाळी उंबरठ्याला ठेच लागते. तरी दिसतंय की अजून. आणि दिसायचं थांबलं, की मग त्याच पेशंटाचं दुसरं वाक्य असतं, ‘एकाएकी गेलं हो साहेब.’ एकाएकी सहसा काही जात नसतं. आज बोलायचंय ते या दोन वाक्यांच्या मधल्या काळाबद्दल.

मी डॉक्टर नाही. कविता लिहिणारा माणूस आहे. पण मधल्या काही वर्षांत डोळ्यांच्या दवाखान्यांचे उंबरे बरेच झिजवले, डॉक्टरांना नको इतके प्रश्न विचारले, आणि कळलं ते वहीत लिहून ठेवलं. त्या वहीतलंच थोडं सांगतो.

आधी पाहणं म्हणजे काय ते बघू. आपल्या भाषेत आपण ‘नजर टाकतो’, ‘कटाक्ष फेकतो’, कुणाची ‘नजर लागते’, लेकराची ‘दृष्ट काढतो’. म्हणजे डोळ्यातून काहीतरी बाहेर निघतं आणि समोरच्या वस्तूला जाऊन भिडतं, अशी आपली समजूत भाषेत मुरलेली आहे. ही काही फक्त आपली खेड्यापाड्यातली समजूत नव्हे. ग्रीकांच्या काळातला युक्लिड, नंतरचा टॉलेमी, असे मोठमोठे गणितीही हेच मानत होते, की डोळ्यातून किरण निघतात आणि वस्तूला जाऊन स्पर्श करतात. त्याला सणसणीत उत्तर दिलं ते बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोमध्ये काम केलेल्या इब्न अल-हैसम नावाच्या विद्वानाने, सुमारे १००० वर्षांपूर्वी. त्याचं म्हणणं साधं होतं. सूर्याकडे पाहिलं की डोळा दुखतो, नजर हटवल्यावरही काही वेळ डोळ्यापुढे ठिपका राहतो. म्हणजे काहीतरी बाहेरून आत येतं आणि आत परिणाम करतं. उजेड वस्तूवर पडतो, तिथून परततो आणि डोळ्यात शिरतो. अंधाऱ्या खोलीला भोक पाडून, दिवे लावून त्याने हे तपासून पाहिलं आणि ‘किताब अल-मनाझिर’ हा ग्रंथ लिहिला. गंमत अशी, की त्या नावातला ‘मनाझिर’ आणि आपल्या मराठीतली ‘नजर’ या दोघी एकाच अरबी धातूच्या लेकी. चष्मा हा शब्दही फारसीतल्या ‘चश्म’, म्हणजे डोळा, यावरून आलेला. कवी लोक मात्र अजून युक्लिडच्याच बाजूचे आहेत. आमच्या कवितेत नजर बाहेरच जाते, त्याला इलाज नाही.

तर उजेड आत येतो. कशातून? आपण ज्याला बुबुळ म्हणतो, त्याच्यावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा बसवलेला असतो. आरशात तो वेगळा दिसत नाही, इतका स्वच्छ असतो. डोळ्यात भिंग आहे हे आपण शाळेत शिकतो, पण किरण वाकवण्याचं निम्म्याहून जास्त काम ही पुढची काचच करते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर आपल्याला सगळं लालसर जाळीतून दिसलं असतं. ती हवेतून आणि अश्रूंतून प्राणवायू घेते. ही गोष्ट लक्षात ठेवा. उसाच्या फडात गेल्यावर तिचं काम पडणार आहे.

काचेच्या मागे बाहुली. बाहुली म्हणजे खरं तर काही वस्तू नाही, ते एक छिद्र आहे. उजेडात लहान होतं, अंधारात मोठं. तिच्या मागे भिंग, आणि सगळ्यात मागे दृष्टिपटल, ज्याला दवाखान्यात नुसतंच ‘पडदा’ म्हणतात. या पडद्यावर उजेड ओळखणाऱ्या दोन जातींच्या पेशी आहेत. मंद उजेडात काम करणाऱ्या सुमारे १२ कोटी, आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या सुमारे ६० लाख. या सगळ्यांची खबर साधारण १० लाख तंतूंच्या एका नसेतून मेंदूकडे जाते. पडद्यावरचं चित्र उलटं पडतं, हे केप्लरने १६०४ साली मांडलं. सुलटं करण्याचं, म्हणजे त्याला अर्थ लावण्याचं काम मेंदूचं. डोळा हा शिपाई, साहेब वर बसलेला.

आणि हा साहेब थापा मारतो. खोटं वाटत असेल तर एक प्रयोग करून बघा. काळ्या घोंगडीवर किंवा गडद कापडावर ज्वारीचे दोन पांढरे दाणे अर्ध्या वितीच्या अंतराने शेजारीशेजारी ठेवा. डावा डोळा हाताने झाका. उजव्या डोळ्याने डावीकडच्या दाण्याकडेच एकटक बघत डोकं हळूहळू खाली न्या. फुटा-सव्वाफुटावर आलात, की उजवीकडचा दाणा नाहीसा होतो. डोकं आणखी खाली नेलं, की तो पुन्हा उगवतो. जिथून ती नस पडद्यातून बाहेर पडते, तिथे पाहणाऱ्या पेशीच नाहीत. प्रत्येकाच्या प्रत्येक डोळ्यात असा एक आंधळा ठिपका जन्मापासून आहे. पण तुम्हाला तिथे भोक दिसलं का? नाही. दाणा गेला आणि त्या जागी घोंगडी दिसली. मेंदूने आजूबाजूचा रंग घेऊन ठिगळ लावलं आणि तुम्हाला सांगितलंसुद्धा नाही.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगितलं, कारण काचबिंदू समजायचा तर हे ठिगळ आधी समजावं लागतं.

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही सख्ख्या भावांची नावं वाटतात, पण दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डोळ्याच्या आत सतत एक पाणी तयार होत असतं आणि एका बारीक जाळीतून निथळून जात असतं. अश्रूंशी याचा संबंध नाही. निथळणं कमी झालं, की डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू सुकत जाते. काही जणांचा दाब मोजल्यावर ठीक असतो, तरीही नस सुकते. नजर जाते ती बहुतेक वेळा कडेने. मधलं स्वच्छ राहतं, वाचता येतं, सही करता येते. आणि कडेला जे गेलं तिथे मेंदू ठिगळं लावत राहतो. दुखत नाही. लाल होत नाही. दक्षिण भारतात गावोगाव फिरून केलेल्या पाहण्यांत, काचबिंदू सापडलेल्या दर १० जणांपैकी सुमारे ९ जणांना आपल्याला तो आहे याचा पत्ताच नव्हता. काचबिंदूचा दुसरा एक तडकाफडकी येणारा प्रकार असतो. त्यात डोळा आणि डोकं फुटेल असं दुखतं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, उलट्या होतात. तो माणूस निदान त्या रात्री दवाखाना गाठतो. न दुखणाऱ्याचं काय करायचं?

मी त्या नऊ जणांतला. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून गेलो होतो. डॉक्टरांनी दाब मोजला, बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून मागची नस बघितली, मग एका यंत्रात हनुवटी ठेवायला लावून, ठिपका दिसला की बटण दाबा, असं सांगितलं. कागद निघाला त्यावर माझ्या डाव्या डोळ्याच्या वरच्या अंगाला काळं आभाळ भरून आलं होतं. मला ते कधीच दिसलं नव्हतं, आणि आजही दिसत नाही. गेलेलं परत येत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. राहिलेलं राखायचं. त्यासाठी सकाळ-संध्याकाळ एक थेंब आणि रात्री एक, जन्मभर. घरात कुणाला, आईवडिलांना किंवा भावंडांना, काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर दाब आणि नस दोन्ही तपासून घ्यायला हवं. नुसता चष्म्याचा नंबर काढून हे कळत नाही.

आता इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलतो, कारण ती दुसरं कुणी रेडिओवर बोलणार नाही. रमजानच्या महिन्यात आमच्यातले बरेच काचबिंदूचे पेशंट दिवसा थेंब घालणं बंद करतात. रोजा मोडेल ही भीती. थेंबाची कडवट चव घशात उतरते, म्हणून ती भीती वाढते. महिनाभर दाब मोकाट सुटतो आणि ईद झाल्यावर डॉक्टर कपाळाला हात लावतात. मी आमच्या मौलानांकडे गेलो. ते म्हणाले, हनफी फिक्हप्रमाणे डोळ्यात औषध घातल्याने रोजा तुटत नाही, घशात चव जाणवली तरीही. १९९७ साली जेद्दाला भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीच्या बैठकीतही डोळ्यांचे थेंब रोजा मोडणाऱ्या गोष्टींत धरलेले नाहीत. ज्यांच्या मनाची तरीही तयारी होत नाही, त्यांनी सहरीच्या वेळी आणि इफ्तारनंतर थेंब घालावेत. दिवसातून दोनदा घालायचं औषध असेल तर ते सहज जमतं. जास्त वेळा असेल तर डॉक्टरांना आधी भेटून वेळा बदलून घ्याव्यात. आणखी एक युक्ती. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. औषध घशाकडे उतरत नाही, डोळ्यातच राहतं. ही युक्ती रोजा नसलेल्यांसाठीही आहे.

मोतीबिंदूकडे येतो. हा मात्र बरा होणारा आजार. स्वच्छ भिंग वयाबरोबर गढूळ होतं, बस्स. माझ्या अम्मीच्या पिढीत म्हणत, ‘आँख में मोतिया उतरा.’ ‘उतरा’ का, याचा शोध घेतला तर कळलं, की अरबी वैद्यकात या आजाराला ‘नुझूल अल-मा’ म्हणजे पाणी उतरणं असं नाव होतं. डोक्यातून खाली पाणी उतरून बाहुलीपुढे साचतं, अशी कल्पना. ते नाव तसंच लॅटिनमध्ये गेलं, आणि इंग्रजीतला ‘कॅटरॅक्ट’, म्हणजे धबधबा, हा शब्द तिथून आला. सुश्रुतसंहितेत शलाकेने हे भिंग बाजूला ढकलण्याची क्रिया दिली आहे. उजेड आत यायचा, पण भिंगच जागेवर नाही, म्हणून सगळं अस्पष्ट.

माझ्या लहानपणी मोतीबिंदू काढलेली म्हातारी माणसं मला आठवतात. बाटलीच्या बुडासारखी जाड काच, मागे मोठाले झालेले डोळे. चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. कारण तेव्हा आपल्याकडे भिंग काढून टाकत, बदली बसवत नसत. बदली भिंगाची कल्पना युद्धातून आली. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसले, आणि डोळ्याने ते निमूट सहन केले. हे हॅरोल्ड रिडली या इंग्रज सर्जनच्या लक्षात आलं. १९४९ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये त्यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवलं. समव्यावसायिकांनी कित्येक वर्षं त्यांना वेड्यात काढलं. भारतात मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संबंधित कारखान्यात १९९२ पासून ही भिंगं स्वस्तात बनू लागली, आणि गरिबाच्या डोळ्यातही भिंग बसू लागलं.

आपल्या जिल्ह्याला या बाबतीत अभिमान वाटावा अशी जागा म्हणजे अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. १९७४ मध्ये ते निघालं तेव्हा खेड्यात मेडिकल कॉलेज ही कल्पनाच नवी होती. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने ऐंशीच्या दशकात इथेच नेत्रविभागात होते आणि मराठवाड्यात गावोगाव शिबिरं घेत होते. पुढे त्यांची स्वतःची मूत्रपिंडं निकामी झाली, १९९५ मध्ये आईने आपलं एक मूत्रपिंड दिलं, मग मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी लाखावर मोतीबिंदू काढले. २००८ साली पद्मश्री मिळाली. ही कथा सगळ्यांना पाठ आहे, सिनेमाही निघाला. मला त्यातला अंबाजोगाईचा भाग जास्त मोलाचा वाटतो, कारण तिथे टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. आता शिबिरात फक्त तपासणी होते, शस्त्रक्रिया रुग्णालयातच करावी लागते. शाळेच्या खोलीत ऑपरेशन करण्याचे दिवस गेले, आणि जंतुसंसर्गाच्या भयाने गेले हे बरंच झालं.

‘मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकू द्या,’ हे अजूनही ऐकू येतं. हा जुन्या काळातल्या शस्त्रक्रियेचा नियम होता. आज कामात अडचण येऊ लागली, की काढावा. फार पिकू दिला तर भिंग फुगतं किंवा पाझरतं आणि त्यातून डोळ्याचा दाब वाढून नसच खराब होते. मग ज्या डोळ्याचं १५-२० मिनिटांत भलं झालं असतं, तो कायमचा जातो. २०१५ ते २०१९ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंध माणसांपैकी ६६ टक्के मोतीबिंदूनेच अंध होती. म्हणजे तीनपैकी दोन माणसं घरात भिंत चाचपत बसली आहेत, ती एका छोट्या शस्त्रक्रियेअभावी. आणि बहुतेक घरांत आधी बाबांचं ऑपरेशन होतं. आईचं सुगी झाल्यावर, मग लग्नसराई झाल्यावर, मग पुढच्या वर्षी.

चाळिशीबद्दल थोडक्यात. जवळचं वाचायच्या चष्म्याला वयाचंच नाव देणारी आपली भाषा मला फार आवडते. चाळिशी गाठली की भिंग ताठर होतं, जवळचं दिसत नाही. हा आजारच नव्हे. पण आपल्याकडे बाईने चष्मा लावणं म्हणजे म्हातारी झाली किंवा मास्तरीण झाली. सुईत दोरा ओवायला ती नातवाला हाक मारेल, चष्मा लावणार नाही. आसामच्या चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना साधा जवळचा चष्मा देऊन बघितला. २०१८ साली त्याचा अहवाल आला. चष्मेवाल्यांच्या पानं खुडण्यात बिनचष्मेवाल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढ झाली. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी, धान्य निवडणं ही आपल्याकडची कामं काही वेगळी नाहीत.

आता उसाच्या फडात चला.

दसरा-दिवाळी झाली, की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी इथून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. उसाच्या पानाची कड हातात धरून बघा, करवतीसारखे बारीक दाते असतात. पहाटेच्या अंधारात वाकून ऊस तोडताना, पाचट ओढताना, वाढे बांधताना ते पान सपकन डोळ्यावर लागतं आणि बुबुळावरच्या त्या स्वच्छ काचेला ओरखडा उठतो. ओरखडा तसा लहानच. स्वच्छ असेल तर दोन-तीन दिवसांत भरूनही येतो. पण वनस्पतीच्या पानावर बुरशी असते, ती त्या ओरखड्यातून आत रुजते. काचेला रक्तपुरवठा नाही हे मघाशी सांगितलं; त्यामुळे शरीराचे रखवालदार तिथे पटकन पोहोचत नाहीत. चार-आठ दिवसांत बुबुळावर पांढुरका ठिपका दिसू लागतो. डोळा टोचतो, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. ज्वारीचं कुसळ, बाभळीचा काटा, मळणीयंत्रातून उडालेला भुसा, यांचंही हेच.

मग माणूस काय करतो? कुणी डोळ्यात एरंडेल घालतं, कुणी मध, कुणी बाळंतिणीचं दूध. गावात जिभेने खडा काढून देणारी एक म्हातारी असते, तिच्याकडे नेतात. तोंडातले जंतू त्या जखमेत जातात. आणि कारखान्याच्या चौकातलं औषधाचं दुकान तर सगळ्यात जवळचं. तिथून थेंबांची बाटली मिळते. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत लाली ओसरते, माणूस खूश. आत बुरशीला मात्र रान मोकळं मिळालेलं असतं, कारण स्टेरॉइडने शरीराचा प्रतिकारच गप्प केलेला असतो. तेच थेंब डॉक्टरांना न विचारता महिनोन् महिने वापरले तर दाब वाढून काचबिंदूही होतो. डोळ्यात तेल घालून पाहारा करायला हरकत नाही, पण खरोखरच डोळ्यात तेल घालू नका.

आमच्या गल्लीतली एक बाई आहे, तिला मी वहिनी म्हणतो. एके साली जानेवारीत तिला पान लागलं. एक दिवस बसलं की खाडा धरतात, पैसे कापले जातात, आणि जोडीतलं एक बसलं की दुसऱ्याचाही कोयता लंगडा होतो. तिने पदराच्या बोळ्याला फुंकर मारून डोळा शेकला, दुकानातले थेंब घातले आणि ऊस तोडत राहिली. पाडव्याला टोळी परतली तेव्हा बुबुळावर फूल पडलेलं होतं. दवाखान्यातून आल्यावर मला म्हणाली, ‘भाई, डॉक्टर म्हनला, लई उशीर केला. मी म्हनलं, उशीर कुठं केला साहेब, हंगाम संपल्या संपल्या तर आले.’

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे, म्हणून तर जीव जळतो. नेपाळमधल्या भक्तपूर जिल्ह्यात डॉक्टरांनी गावातल्या आरोग्यसेवकांना शिकवलं, की डोळ्याला ओरखडा उठलेला माणूस आला, तर क्लोरॅम्फेनिकॉल या जुन्या, साध्या प्रतिजैविकाचं मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस लावायचं. २००१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९६ टक्के लोकांचे ओरखडे जखम न चिघळता भरले. आणि दुखापतीपासून १८ तासांच्या आत ज्यांना मलम मिळालं, त्यांच्यापैकी एकाचाही डोळा चिघळला नाही. एक ट्यूब आणि १८ तास. एकदा चिघळल्यावर मात्र नाटामायसिनसारखे थेंब तासातासाला, कित्येक आठवडे घालावे लागतात. कोपीवर राहणाऱ्या, पहाटे चारला फडात जाणाऱ्या बाईला ते कसं जमावं?

पन्नाशीच्या आतल्या माणसांत अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण बुबुळावरचा हा डाग आहे, असं त्याच राष्ट्रीय पाहणीत दिसलं. म्हातारपणी मोतीबिंदू, पण कमावत्या वयात हे. आणि डाग पडल्यावर कुणाचं तरी बुबुळ मिळालं तरच पुन्हा दिसण्याची आशा. त्यासाठी नेत्रदान. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं. चष्मा असलेल्याचं, मोतीबिंदू काढलेल्याचं, साखरेचा आजार असलेल्याचंही चालतं. चेहरा विद्रूप होत नाही. आमच्या समाजात याबद्दल उलेमांची मतं वेगवेगळी आहेत, हे मी झाकून ठेवत नाही. मी स्वतः फॉर्म भरला आहे. माझी नस खराब असली तरी पुढची काच शाबूत आहे. घरात मात्र बेगमची चर्चा अजून संपलेली नाही, आणि ती माझ्या पश्चातच काय तो निर्णय देईल असं दिसतंय.

साखरेच्या आजाराचा उल्लेख आलाच आहे तर एक सांगून टाकतो. डायबिटीस असणाऱ्याने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून मागचा पडदा दाखवलाच पाहिजे. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, फुटतात, आणि सुरुवातीला तुम्हाला काहीच कळत नाही. तसंच सुरम्याचं. आमच्याकडे सुरमा आणि तुमच्याकडे काजळ, दोन्ही मायेने घातलं जातं. पण बाजारातल्या पुष्कळ सुरम्यांत शिसं सापडलेलं आहे. लेकराच्या डोळ्यात ते घालू नये. अम्मी असती तर हे वाक्य मला घरात बोलता आलं नसतं.

लेकरांचा विषय निघाला म्हणून. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल किंवा डोळा तिरळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याची खबर घेणंच सोडून देतो. त्याला आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा लावून, चांगला डोळा रोज काही तास झाकून त्याला कामाला लावता येतं. वय उलटलं की तो तसाच राहण्याची शक्यता फार. शाळेत तपासणीचं पथक येतं, २०१३ पासून त्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. पण पथक हिवाळ्यात आलं, तर टोळीबरोबर गेलेलं लेकरू हजेरीपटावर असतं आणि फडात असतं. त्याला लागणारा चष्मा शाळेत कुणी तपासत नाही, फडात तर नाहीच. अशा लेकरांना हंगामाआधी, भादव्यातच तपासून घ्यायला हवं. गावातल्या गुरुजींना हे सहज जमण्यासारखं आहे.

गेल्या दसऱ्याआधी आमच्या गावच्या आशाताईंनी एक गोष्ट केली. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून, त्यांच्याकडून लिहून घेऊन, जाणाऱ्या प्रत्येक टोळीतल्या एका बाईजवळ मलमाची ट्यूब दिली. सोबत तीनच गोष्टी पाठ करून घेतल्या. पान लागलं की डोळा चोळायचा नाही, स्वच्छ पाण्याने धुवायचा. त्याच दिवशी मलम सुरू करायचं. दुसऱ्या दिवशीही दुखत असेल किंवा पांढरा ठिपका दिसला, तर खाडा पडला तरी डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं, दुकानातली बाटली घ्यायची नाही. वहिनी तिथे बसलेली होती. एका डोळ्यावर फूल असलं तरी यंदाही तिला जायचंच होतं. तिने ट्यूब उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, ‘ताई, ही पाडव्यापस्तोर चालंल का?’ आशाताई म्हणाल्या, ‘न उघडता ठेवली तर चालेल. एकदा उघडली की महिनाभरात फेकून द्यायची, आणि एकीची दुसरीने वापरायची नाही.’ वहिनी म्हणाली, ‘मग दोन द्या.’